दात आले, आता अंगावरचं तोडायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकजवळच्या एका गावातल्या, ३७ वर्षांच्या आई. बाळ दत्तक, घरी आलं तेव्हा साडेतीन महिन्यांचं. बाळाची माहिती हाती पडली त्या दिवसापासून पंप लावून आणि डॉक्टरांनी दिलेल्या डोम्पेरिडोनच्या गोळ्या घेऊन त्यांनी पान्हा आणला. आज दिवसाकाठी दीडशे-दोनशे मिली दूध येतं, बाकीचं पावडरीचं दूध स्तनाला चिकटवलेल्या बारीक नळीतून. बाळ आता साडेसात महिन्यांचं आहे आणि खालचे दोन दात आलेत. दोन आठवड्यांत चार चावे, एकदा रक्त. सासूबाई म्हणतात, "एवढं केलंस ते पुष्कळ झालं, आता बाटली दे." आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "पोटच्या बाळाने असा चावा घेतला असता का, असं रात्री मनात येतं."

त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. घेतला असता. पोटचं बाळही चावतं, त्याच वयात चावतं आणि त्याच जागी चावतं. पुण्यात १९ वर्षं मी स्तनपान सल्लागार म्हणून काम करतेय आणि सहा ते दहा महिन्यांचं बाळ घेऊन आलेल्या आईने चाव्याचा विषय काढला नाही, असं क्वचितच होतं. फरक एवढाच, की बाळंत झालेली आई चावा बसला की "मेल्या, खातोस का मला!" म्हणते आणि संध्याकाळपर्यंत विसरते. दत्तक बाळाची आई गप्प बसते आणि त्या चाव्याचा अर्थ लावत रात्र काढते. सात महिन्यांच्या जिवाच्या चाव्यात अर्थ-बिर्थ काही नसतो हो. हिरड्या शिवशिवतात, मग तोंडाजवळ येईल ते चावायचं: लाळेरं, टीव्हीचा रिमोट, तुमची हनुवटी आणि तुम्ही.

आता मुद्दा. पाजणं चालू ठेवायचं की थांबवायचं हे दातांवरून ठरवू नका, आणि ज्या आठवड्यात रक्त आलं त्या आठवड्यात तर मुळीच नको. दुधाचे दात एकूण वीस. खालचे मधले दोन साधारण सहा ते दहा महिन्यांत दिसतात, वरचे बहुधा त्यांच्या मागून, आणि शेवटच्या दाढा येईपर्यंत मूल अडीच-तीन वर्षांचं होतं. म्हणजे 'दात येऊन होऊ देत' म्हणत थांबायचं तर दोन वर्षं थांबावं लागेल. चावण्याचा त्रास मात्र एवढा लांबत नाही. एखादा दात वर येताना तो काही दिवस उसळतो आणि बसतो, आणि बहुतेक बाळं पहिल्या दोन-तीन दातांतच शिकतात की इथे चावायचं नसतं. (वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असं कुणी ना कुणी सांगेलच. मामाला पेढे खायला बोलवा आणि विषय संपवा.)

बाळ दूध ओढत असताना चावूच शकत नाही, हे अनेक आयांना कुणी सांगितलेलंच नसतं. आरशासमोर करून बघा. जीभ पुढे काढून खालच्या दातांवर पसरा आणि आता चावायला जा. आधी आपलीच जीभ चावली जाते. नीट पकड घेतलेल्या बाळाचं हेच असतं: जीभ खालच्या हिरडीच्या पुढे आलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्र पार आत टाळूपर्यंत. दात तिथे असतात पण जिभेखाली झाकलेले. चावा बसतो तेव्हा बाळाने पिणं थांबवून जीभ मागे घेतलेली असते. म्हणून मी आयांना विचारते ते 'किती जोरात चावला' हे नाही, तर 'किती वाजता, आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात काय चाललं होतं'. उत्तर जवळजवळ नेहमी एकाच धर्तीचं येतं: पिऊन झालं होतं, पेंगत होता, किंवा दूध येत नव्हतं.

हे तिसरं कारण तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठं आहे असं मला वाटतं.

आणलेला पान्हा हा खरा पान्हा असतो, पण बहुतेक दत्तक आयांना तो पुरेसा येत नाही. तुमचं दीडशे-दोनशे मिली म्हणजे चांगलं काम झालंय. तरी धार लवकर मंदावते, आणि धार मंदावली की बाळ वैतागतं. हिरड्या दुखत नव्हत्या तेव्हा ते नुसतं सोडून रडायचं. आता दाबून बघतं. तुमच्या पत्रात एक तपशील आहे, जो तुम्ही सहज लिहून गेलात: चारपैकी तीन चावे "पाजून होत आलं तेव्हा" बसले. नळीचं दुसरं टोक ज्या वाटीत असतं त्या वाटीकडे त्या वेळी कुणाचं लक्ष असतं? वाटी रिकामी झाली की नळीतून हवा येते. बाळ जोर लावून ओढतं, तोंडात काहीच येत नाही, मग जबडा घट्ट होतो. माझ्या समोर बसून पाजणाऱ्या एका आईचं मी हे अक्षरशः घड्याळ लावून पाहिलंय. चार-पाच मिनिटं गटागट गिळण्याचा आवाज, मग वाटीच्या तळाशी 'सुर्रर्र', मग बाळाची नजर वर आईच्या तोंडाकडे, आणि दुसऱ्या क्षणी आई किंचाळली.

तेव्हा पहिला बदल: वाटी डोळ्यांच्या टप्प्यात ठेवा आणि तळ दिसायच्या आधी बाळाला सोडवा किंवा दूध वाढवा. दूध कमी वेगाने येतंय असं वाटलं तर वाटी थोडी उंच धरा. उंची वाढली की धार वाढते, खाली घेतली की कमी होते. दुसरं, नळीचं टोक स्तनाग्राच्या फार पुढे आलंय का बघा. ते टाळूला टोचतं आणि शिवशिवणाऱ्या तोंडाला ते चघळायचं खेळणं वाटतं. टोक स्तनाग्राच्या बरोबरीला किंवा अगदी किंचित पुढे, आणि नळी वरच्या ओठाच्या बाजूने. तिसरं दात आल्यानंतरच लागू होतं: नळी रोज उजेडात धरून तपासा. दातांच्या खुणा, चपटा झालेला भाग, चीर दिसली की ती नळी गेली कचऱ्यात. औषधांच्या दुकानात मिळणारी ५ किंवा ६ नंबरची फीडिंग ट्यूब स्वस्त असते. तिचा तुकडा बाळाच्या घशात जाण्याची जोखीम घ्यायचं काहीच कारण नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या दत्तक बाळांत हमखास दिसते. संस्थेकडे सोपवलेल्या बाळाच्या जन्मदात्यांना फेरविचारासाठी ६० दिवस कायद्यानेच दिलेले असतात, त्यानंतरही कागदपत्रं असतात, त्यामुळे बाळ आईच्या कुशीत येतं तेव्हा काही महिन्यांचं झालेलं असतं आणि बाटलीवर तयार झालेलं असतं. बाटलीच्या निपलमधून दूध भसाभसा आलं की बाळ ते हिरड्यांनी दाबून अडवायला शिकतं. ती सवय त्याने तुमच्याकडे येताना सोबत आणलेली असते. दात नव्हते तोवर ती तुम्हाला जाणवली नाही, एवढंच. त्यावर उपाय पुन्हा पकडीचाच: बाळाचं पोट तुमच्या पोटाला, मान जराशी मागे, हनुवटी स्तनात रुतलेली आणि तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. नुसतं टोक तोंडात घेऊन लुचत असेल तर करंगळीने सोडवून पुन्हा लावा, कितीही वेळा लागलं तरी.

चावा बसलाच तर काय करायचं? ओढून काढू नका. ओढण्यानेच कातडी फाटते, दाताने तेवढी फाटत नाही. उलट बाळाला क्षणभर स्वतःकडे जवळ दाबा. नाक किंचित झाकलं गेलं की श्वासासाठी ते तोंड उघडतं. किंवा करंगळी जिवणीच्या कोपऱ्यातून आत, थेट दोन हिरड्यांच्या मध्ये घाला आणि बोट तिथेच ठेवून स्तन बाहेर घ्या. मग शांतपणे "चावायचं नाही" म्हणा, आणि पाच-दहा मिनिटं पाजणं बंद. पण मांडी बंद नाही. हा शेवटचा भाग मी चूक करून शिकलेय. सुरुवातीच्या वर्षांत मी सगळ्यांना एकच सांगायचे: ठणकावून 'नाही' म्हणा आणि बाळाला खाली ठेवून द्या. एका दत्तक बाळाच्या आईने ते तंतोतंत केलं. त्या बाळाने त्यानंतर नऊ दिवस स्तनाला तोंड लावलं नाही. जवळ घेतलं की अंग ताठ करायचं. शेवटी रात्री झोपेत, अंधारात, अंगाला अंग लावून झोपवून ते परत आलं. ज्या बाळाचे हात एकदा-दोनदा बदललेत त्याला 'खाली ठेवणं' ही शिक्षा मी आता सांगत नाही. मोठ्याने ओरडणंही टाळा, जमेल तेवढं. रक्त येईस्तोवर चावल्यावर कोण गप्प बसतं, हे मलाही कळतं.

चाव्याआधी बाळ सूचना देतं. गिळण्याचा आवाज थांबतो, ओढ सैल पडते, डोळे इकडेतिकडे फिरतात किंवा मिटायला लागतात, कधी ओठाच्या कोपऱ्यात एक खोडकर हसू येतं. हे दिसलं की करंगळी तयार ठेवा. झोपेत तोंडात स्तन ठेवून पडून राहायची सवय असेल तर गाढ झोपेआधी सोडवा, कारण पेंग लागताना जबडा आपोआप आवळला जातो.

हिरड्यांसाठी: पाजण्याच्या आधी पाच मिनिटं, फ्रिजमध्ये (बर्फाच्या कप्प्यात नव्हे) गार केलेलं ओलं सुती फडकं चघळायला द्या, किंवा स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी चोळा. चघळण्याची हौस आधीच भागली की स्तनावर येताना बाळ प्यायला येतं. हिरड्या बधिर करणारी जेलं नकोत. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती वापरू नयेत असं बजावलं. शिवाय जीभ बधिर झाली की पकड सुटते आणि चावे वाढतात. आजीच्या बटव्यातली टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळायची रीतही नको: टाकणखार तान्ह्याला विषारी आहे आणि मध वर्षाच्या आत द्यायचाच नसतो. फारच कळवळत असेल अशा एखाद्या रात्री पॅरासिटामॉल, बाळाच्या वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांना विचारून.

आणि दातांच्या नावावर सगळं खपवू नका. अंग किंचित कोमट लागणं, लाळ, चिडचिड हे दातांचं. १००.४ च्या वर ताप किंवा पातळ जुलाब हे दातांचं नव्हे. या वयात बाळ रांगतं, सापडेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं नुकतंच सुरू झालेलं असतं. जुलाब तिथून येतात. 'दात येताहेत, होतातच' म्हणून थांबण्यात ओआरएस आणि झिंक द्यायला उशीर होतो.

तुमच्या जखमेबद्दल. पाजून झालं की जखमेला स्वतःच्याच दुधाचा थेंब किंवा शुद्ध लॅनोलिन लावून हवा लागू द्या. दुसऱ्या बाजूने आधी पाजा. फार दुखत असेल तर एक-दोन दिवस त्या बाजूचं पंपाने किंवा हाताने काढा, म्हणजे पान्हा टिकेल. बाळाच्या पोटात थोडं रक्त गेलं तर घाबरू नका. (पान्हा आणायच्या आधी एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या झाल्या असतीलच, झाल्या नसतील तर आता करून घ्या.) स्तन लाल, कडक, दुखरा आणि सोबत थंडी-ताप असेल किंवा जखमेतून पू येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तिथे एक वाक्य न विसरता बोला: "मी डोम्पेरिडोन घेते." जखमेवर बुरशी झाली म्हणून फ्लुकोनॅझोल, किंवा जंतुसंसर्ग म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन लिहिलं जाऊ शकतं, आणि ही औषधं डोम्पेरिडोनसोबत हृदयाची लय बिघडवू शकतात. गडबडीत हे डॉक्टरांच्याही नजरेतून सुटतं. गोळीचं पाकीट पर्समध्ये ठेवूनच जा.

आता तुमचा खरा प्रश्न, चालू ठेवू का. माझं मत विचारलंत म्हणून सांगते: वरचे बदल करून दोन आठवडे चालू ठेवा, मग ठरवा. आणि ठरवताना दूध आणि मांडी या दोन गोष्टी वेगळ्या करा. इतके महिने तुम्ही त्या एकाच नळीने बांधून ठेवल्यात. तेव्हा ते बरोबरच होतं. साडेसात महिन्यांच्या बाळाला मात्र आता पोटाला दुसऱ्याही वाटा आहेत. मऊ भात-वरण, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं चालू झालंय. पावडरीचं दूध वाटी-चमच्याने किंवा छोट्या पेल्याने देता येतं.

त्यामुळे 'सगळं चालू' आणि 'सगळं बंद' यांच्या मधे एक पायरी आहे, जी माझ्याकडच्या बऱ्याच दत्तक आया शेवटी निवडतात. दिवसाची नळी काढून टाकायची. दूध पेल्याने, आधी. पोट भरल्यावर स्तन, फक्त झोपताना, उठल्यावर आणि पडल्या-धडपडल्यावर. सुरुवातीला आपण उलटं करतो, आधी स्तन मग वरचं, कारण पान्हा वाढवायचा असतो. आता क्रम बदलायचा. भरल्या पोटी आलेलं बाळ धारेसाठी भांडत नाही, म्हणून चावतही कमी. तुमचा पान्हा यात थोडा आटेल, ही किंमत आहे. पण वाट्या-नळ्या उकळण्यात जाणारा तुमचा दिवसातला तास-दीड तास सुटेल. रात्री नळीतून पावडरीचं दूध चालू ठेवणार असाल तर मात्र नंतर दात ओल्या फडक्याने पुसायला हवेत. पहिल्या दातापासून तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून ब्रश सुरू करता येतो.

दोन आठवड्यांनी काय बघायचं? दुधाचे मिली मोजू नका. बाळ जवळ यायला लागलं की तुमचे खांदे वर चढतात का, दात-ओठ आवळले जातात का, हे बघा. प्रत्येक वेळी तसंच होत असेल तर ते पाजणं तुमच्या दोघांच्याही अंगाला लागत नाही, आणि थांबवायला तेवढं कारण पुरेसं आहे. गोळ्यांचा कंटाळा आलाय, घरी दुसरं कुणी करायला नाही, नोकरीवर परत जायचंय, हीसुद्धा पुरेशी कारणं आहेत. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढेही पाजा म्हणते ते खरं. पण तुम्ही ज्या ठिकाणाहून सुरुवात केलीत तिथून चार महिने पाजलंय.

थांबवायचं ठरलं तर हळू. एक वेळ कमी करा, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग दुसरी. झोपेची सगळ्यात शेवटी. ज्या वेळेला स्तन काढून घेतला त्या वेळेला मांडी, थोपटणं, अंगाईगीत तसंच राहू द्या. गोळ्या एकदम तोडू नका, डॉक्टरांना विचारून उतरवत न्या. काहींना अचानक बंद केल्यावर झोप उडते, जीव घाबरा होतो आणि त्या ते 'दूध तोडल्याचं दुःख' समजतात. आणि कृपा करून कोरफड किंवा कडुलिंब लावून तोडू नका. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हे केलं जातं आणि त्याने मुलं बिघडली असं मी म्हणत नाही. पण कालपर्यंत गोड असलेली जागा एका रात्रीत कडू झाली, हा धडा या बाळाला कशाला?

सासूबाईंबद्दल दोन शब्द. त्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं. "एवढं केलंस ते पुष्कळ झालं." यात मला टोमणा दिसत नाही, तुमच्या अंगावरचं रक्त त्यांनी पाहिलंय. पण 'आपलं नाही त्याला कशाला' असा सूर घरात दुसऱ्या कुणाकडून येत असेल, तर कापूरहोळच्या धाराऊची आठवण करून द्या. सईबाईंना दूध येईना म्हणून शंभूराजांना तिने पाजलं, आणि महाराष्ट्राने तिला दूधआई म्हणूनच लक्षात ठेवलं. सासूबाईंना एक काम नेमून द्या: पाजताना शेजारी बसून वाटीकडे लक्ष ठेवायचं आणि तळ दिसायच्या आत सांगायचं.

पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा. किती चावे, कोणत्या वेळचे, आणि त्या क्षणी वाटीत दूध होतं का, एवढं एका कागदावर टिपून ठेवा. वरचे दात दिसायला लागले असतील तर तेही कळवा.